कोरा रकाना

बांबोळीच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत
मी लोकांची झोप मोजते.
रात्री दहा ते सकाळी सात.
माझी स्वतःची झोप कुणी मोजलेली नाही.

या खेपेला सुलक्षा वेळीप. गावडोंगरीची. वय एकोणीस.
पंधराशे मीटर, चार मिनिटं एकतीस सेकंद,
आणि दोन वर्षं तिथेच,
विहिरीच्या कपारीत अडकलेल्या कळशीसारखी.

डॉक्टर कुंकळ्येंकरांनी तिला पट्ट्यावर पळवलं,
तोंडावर मुखवटा, बोटातून रक्ताचा थेंब.
वेग वाढवला, चढ वाढवला,
आणि एका जागी प्राणवायूची रेघ आडवी झाली.
"ही हिची कमाल," ते म्हणाले.
मला मांडवीचा धक्का आठवला,
शेवाळ जिथं संपतं ती ओळ.
भरती रोज तिथवर येते,
पण उधाणाचं कोण सांगावं?

"आता झोप वाढवून बघू. बारा रात्री, दहा-दहा तास."

संध्याकाळी मी तिच्या डोक्याला तारा लावते.
खोबरेलामुळे पट्ट्या सुटतात.
"उद्या कमी लावीन गे," ती म्हणते,
आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच तेल.

पहिली रात्र : तीन दहाला जागी.
दुसरी : तीन बारा.
तिसरी : तीन दहा.
पडद्यावर शांत लाटा, आणि मध्येच कुणीतरी
दार लोटून आत आल्यासारखी उसळी.
पाचव्या दिवशी मी विचारलंच.

"त्या वेळेला गवे उतरतात," ती म्हणाली.
"वायंगणात. बाबा माचावर बसायचा,
त्याची छाती दुखायला लागली, मग मी. सातवीपासून.
डबा वाजवायचा. जातात.
नाही गेले तर पळायचं."
"गव्यांच्या मागे?"
"मागे कशाला? पुढे!"

आमच्या तक्त्यात जाग येण्याची कारणं आहेत आठ :
आवाज, उजेड, लघवी, पायात गोळा...
गवा नाही.
मी "इतर" वर खूण केली.

अकराव्या रात्री दीडला वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला.
पडदा काळा. खोली तापू लागली तशी खिडकी उघडली,
जळलेल्या गवताचा वास आत आला,
लांब कुठे कोल्हे, हमरस्त्यावर एखादा ट्रक.
ती कुशीवर वळून अंधारात बघत होती.
मी खुर्ची तिच्या खाटेजवळ ओढली, बॅटरी मांडीवर घेतली,
म्हटलं, "नीज तू. आजची राखण माझी."

हे नियमात बसत नाही. मला ठाऊक आहे.

जाग आली ती खाली पोदेराच्या भोंग्याने.
बॅटरी जमिनीवर, मान आखडलेली,
आणि ती अजून झोपलेली, तोंड थोडं उघडं,
गालावर उशीच्या शिवणीचा वळ.

त्या संध्याकाळी स्टेडियमवर चार एकोणतीस पूर्णांक चार.
मी घड्याळ डॉक्टरांपुढे धरलं.
त्यांनी चष्मा वर सरकवला, वारा विचारला,
आणि म्हणाले, "बाई, आदल्या रात्रीची नोंदच नाही.
एका शितावरून भाताची परीक्षा
स्वयंपाकघरात. इथे नाही."
बरोबर आहे त्यांचं. मीही हेच शिकले आहे.
कदाचित वारा असेल. कदाचित बूट नवे होते.
बाराव्या रात्री वीज होती, नोंदही आहे :
तीन अकरा.

तिची पिशवी जिन्यापर्यंत मी धरली.
केसांत अजून चिकट काहीतरी, ते खरवडत तिने विचारलं,
"त्या रात्री मी जागी झाले होते का गे?"
म्हटलं, "कुणास ठाऊक. मीच झोपले होते."

ती कठड्याला धरून हसत सुटली,
दम लागेपर्यंत. पट्ट्यावरही तिला इतका लागला नव्हता.
"म्हणजे," ती म्हणाली,
"शेत कुणी राखलं?"